दोन बोटं माया

मैत्रिणींनो, तुमच्या घरी शिवणाचं मशीन आहे का? असेल तर हे वाचून झाल्यावर जरा उठा आणि त्याच्यावर सध्या काय काय ठेवलंय ते बघा. बहुतेक घरी इस्त्रीचे कपडे, जुनी वर्तमानपत्रं, मुलांची दप्तरं, नाहीतर मोबाइलचा चार्जर असा सगळा संसार तिथे थाटलेला असतो. हौसेनं घेतलेलं यंत्र बिचारं टेबलाचं काम करत असतं आणि आपण मात्र परकराची उसवलेली शिवण घालायलासुद्धा पिशवी उचलून शिंप्याकडे निघतो!

मी तुम्हाला नावं ठेवत नाही हं. लग्नानंतर दोन वर्षं मीही तेच करत होते.

१९७९ साली मी सांगलीहून लग्न होऊन रत्नागिरीला आले. माजघराच्या खिडकीशी, जिथे उजेड चांगला येतो तिथे, सासूबाईंचं हातमशीन असायचं. काळं कुळकुळीत, वर लाकडी घुमटासारखं झाकण. घरातली सगळी शिवणं त्या स्वतः करायच्या. उशांचे अभ्रे, नातवंडांची झबली, मामंजींच्या बंड्या, स्वतःची पोलकी, सगळं. आणि मी? शाळेत शिवणाच्या तासाला मांडीवर कादंबरी लपवून वाचणारी! सुईत दोरा ओवता येत होता, तेवढीच काय ती विद्या.

१९८१ च्या दिवाळीत माहेरहून साडी आली आणि तिच्यावर मोरपंखी रंगाचं टू बाय टू रुबियाचं ब्लाउजपीस. शिंपीदादा म्हणाले, "दिवाळीनंतर बघू, वहिनी." मला आला राग. त्या दुपारी सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी अंगात नीट बसणारा जुना ब्लाउज रुबियावर ठेवला, कडेकडेनं पेन्सिल फिरवली आणि त्या रेघेवरून कचाकचा कापलं. हात की नाही? मग शिवलंसुद्धा! घालायला गेले तर बाही कोपराच्या वर चढेना आणि पुढच्या दोन बाजू एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत.

सासूबाई आल्या. त्यांनी तो ब्लाउज उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगो, माया कुठाय हिच्यात?"

मला रडूच कोसळलं. मला वाटलं, त्या मला बोलतायत! म्हटलं, "आई, कापड वाया गेलं हे खरं, पण माझी घरावर माया नाही असं कसं म्हणता?"

त्या आधी बघतच राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. शिवणकामातली "माया" मला त्या दिवशी कळली. कापडाच्या कडेला, शिवणीच्या पलीकडे जास्तीचं जे कापड सोडायचं ती माया. टीप घालायला निदान अर्धा इंच हवाच, पण शहाणी बाई बाजूच्या शिवणीला दोन बोटं सोडते. पुढे अंग भरलं, कापड आटलं किंवा माप चुकलं, तर उसवून सैल करता येतं. माया नसली तर कितीही सुंदर शिवा, पहिल्या ताणाला फाटणार.

दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. ती तुम्हाला जशीच्या तशी देते, कारण इतक्या वर्षांत मला याहून सोपी रीत सापडलेली नाही.

पहिले आठ दिवस कापड नाही आणि दोराही नाही! मुलांच्या वहीचा रेघांचा कागद घ्यायचा, सुईतला दोरा काढून टाकायचा आणि रेघेवरून नुसती सुई चालवायची. भोकं रेघेवर पडली की समजायचं, हात बसला. सरळ रेघ जमली की चौकोन, मग वाटी ठेवून काढलेला गोल. कोपऱ्यावर आलं की सुई खाली कागदातच ठेवायची, पाय उचलायचा, कागद वळवायचा आणि पाय पुन्हा टाकायचा. हा "पाय" म्हणजे मशीनचा, कापड दाबून धरणारा. तो खाली टाकायला विसरलात की दोऱ्याचा गुंता झालाच म्हणून समजा. मात्र कागदावर चालवलेली सुई बोथट होते. कापड घेताना ती बदला.

मग हातशिलाई. तिचे तीन टाके पुरेत. कापड जागेवर तात्पुरतं धरून ठेवायला लांब लांब घालतात तो धावदोरा. एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा पक्का घालतात ती उलटी टीप. मशीन बिघडलं तर हीच कामाला येते. आणि दुमडलेली कड सुलट बाजूला दिसू न देता पकडतात ती तुरपाई, कोणी तिला हेमही म्हणतात. साडीचा फॉल लावताना तीच लागते.

आता कापडाची ओळख. काठाला समांतर जातो तो उभा धागा, काठाकडून काठाकडे जातो तो आडवा. कापडाची रुंदी म्हणजे पन्हा. उभा धागा कमी ताणतो, म्हणून कपड्याची लांबी नेहमी उभ्या धाग्यात घ्यायची. रुमालाचं एक टोक समोरच्या टोकाला नेऊन तिरका ओढून बघा, कसा रबरासारखा ताणतो! त्या तिरक्या दिशेत कापलेली ती उरेब पट्टी. गळ्याच्या गोलाईला ती निमूटपणे वळते, सरळ पट्टी लावाल तर रुसून उभी राहते. आणि एक लक्षात ठेवा, सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, वाळवा, इस्त्री करा. जे आटायचं ते आधीच आटू दे.

बरं, शिवायचं काय? ब्लाउज तर मुळीच नाही! मी केलेली चूक तुम्ही करू नका. सासूबाईंचा क्रम असा होता.

पहिली, पिशवी. बाजाराची. जुन्या चादरीतून १५ इंच रुंद आणि ३५ इंच लांब असा तुकडा कापा. रुंदीच्या दोन्ही कडा दीड-दीड इंच आत दुमडून टीप मारा, ते झालं पिशवीचं तोंड. मग सुलट बाजू आत ठेवून मधोमध घडी घाला, दोन्ही बाजूंना अर्धा इंच सोडून टीप मारा आणि उलटवा. १४ इंच रुंद, १६ इंच खोल पिशवी तयार, तळाला शिवणच नाही! बंदांसाठी ३ इंच रुंद, २२ इंच लांब दोन पट्ट्या घ्या, कडा अर्धा-अर्धा इंच आत घेऊन मधोमध मोडा, म्हणजे इंचभर रुंद पक्का बंद होतो. तो तोंडाशी बसवताना चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घाला. नारळ घेतले तरी तुटायचा नाही. माझी पहिली पिशवी अशी वाकडी झाली, की राम आळीत नेताना मी ती पदराआड धरत असे. पण सहा वर्षं टिकली!

दुसरा, उशीचा अभ्रा. उशी १६ बाय २४ इंचांची धरू. कापड १८ इंच रुंद, ५६ इंच लांब. हिशेब बघा: दोन बाजूंचे मिळून ४८, आत खोचायच्या झडपेचे ६ आणि दोन्ही टोकांना दुमडायला इंच-इंच. बटण नको, नाडी नको.

तिसरा, परकर. साधा, दोन पन्ह्यांचा. कमरेपासून घोट्यापर्यंत ३६ इंच भरले तर नेफ्याचे दोन आणि खालच्या दुमडीचे दोन धरून ४० इंचांचे दोन तुकडे. ३६ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड घ्या, आटलं तरी पुरतं. दोन्ही बाजू जोडताना एका शिवणीचा वरचा पाच इंच भाग उघडा ठेवा, नाहीतर नाडी बांधल्यावर तो अंगात चढायचा नाही. नेफा म्हणजे नाडी जाण्याची वाट. नाडी ओवायला सेफ्टी पिन.

आणि चौथं, झबलं. घरात कोणाचं बाळंतपण असेल तर बाळंतविडा विकत आणू नका, निदान एक झबलं हातचं असू दे. मऊ झालेलं जुनं धोतर किंवा सुती साडी घ्या. खांद्यावर घडी येईल असं कापलं की तिथे शिवण लागत नाही आणि बाही अंगालाच धरून कापली की जोडावी लागत नाही. तान्ह्या बाळाची छाती १३-१४ इंच असते, झबल्याचा घेर मात्र २० इंचांच्या वर ठेवा. पुढून उघडं, बंद बांधायचे, गळ्याला उरेब पट्टी. शिवणी बाहेरच्या बाजूला घ्या, म्हणजे बाळाला टोचत नाहीत. इथे सुंदर दिसण्यापेक्षा बाळाला झोप लागणं महत्त्वाचं!

ही चार शिवणं मी वर्षभरात शिकले. दुपारी शेजारी बसून सासूबाई तांदूळ निवडायच्या आणि मधूनच मशीनची गोष्ट सांगायच्या. मामंजींची नोकरी एकदा दीड वर्ष गेली होती. तेव्हा त्यांनी हातातली एक पाटली मोडून हे जुनं मशीन घेतलं. आळीतल्या पोरींचे परकर आणि लेकी-सुनांचे बाळंतविडे शिवून चूल पेटती ठेवली आणि दोन्ही मुलांच्या फिया भरल्या. "कोणाला सांगायचं नाही हो," असं म्हणून मला सांगितलं. माझ्या नवऱ्यालासुद्धा हे तोवर ठाऊक नव्हतं.

मग मला त्या यंत्राबद्दल कुतूहल वाटायला लागलं आणि मी वाचू लागले. हातसुईचं भोक मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. वरचा दोरा ही सुई खाली नेते आणि तिथे बॉबिनचा दोरा त्यात अडकून टाका पक्का होतो. अमेरिकेत इलायस होवे यांनी अशा यंत्राचं पेटंट १८४६ साली घेतलं आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या सुधारलेल्या यंत्राचं. आपल्याकडे "उषा" मशीन कलकत्त्यात बनायला लागलं ते स्वातंत्र्याच्याही आधी. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र अपवाद म्हणून मोकळं सोडलं. आणि रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू केलं, तिथे लिहिण्यावाचण्याच्या जोडीला शिवणही शिकवलं जाई. विधवा, परित्यक्ता, नाहीतर नवरा कमावत नाही अशी बाई असो, तिच्या हाती चार पैसे येण्याची ती वाट होती. आमच्या माजघरातलं मशीन याच वाटेवरचं, एवढं मला कळलं.

आता आमच्या रत्नागिरीतली एक खास अडचण सांगते. समुद्राची खारी हवा आणि चार महिने कोसळणारा पाऊस! मशीन आठ दिवस तसंच ठेवलं तर सुई गंजते आणि गंजलेली सुई पांढऱ्या कापडावर डाग पाडते. म्हणून पावसाळ्यात काम झालं की सुई काढून तेलाच्या फडक्यात टोचून ठेवायची. मशीनला तेल द्यायचं ते मशीनचंच. नारळ दारात आहे म्हणून खोबरेल घालू नका, ते घट्ट होऊन चिकटतं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर टिपा मारा, म्हणजे जास्तीचं तेल चांगल्या कापडाला लागत नाही. नेहमीच्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६, तलमाला ११. टाके सुटायला लागले तर बहुधा सुई वाकलेली किंवा उलटी बसलेली असते. कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं तर दोष बॉबिनचा नाही, वरचा दोरा नीट ओवलेला नाही असं समजा. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एवढं करून बघा.

मैत्रिणींनो, इथपर्यंत सगळं हौसेचं झालं. पण शिवण का शिकावं, हे मला पुढे वेगळ्याच प्रसंगानं कळलं.

१९९० च्या श्रावणात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभही जड झाली. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणलं. रोज सकाळी त्यांना पोलकं घालायचं म्हणजे आम्हा दोघींचं, माझं आणि वन्संचं, युद्ध व्हायचं. लुळा हात घट्ट बाहीत कसा घालणार? ओढलं की त्या कळवळायच्या. एकदा घाईत यांनाच हात लावायला बोलावलं. मुलासमोर उघड्या अंगानं बसलेल्या त्या बाईनं डोळे गच्च मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. जन्मभर पदर ढळू न दिलेली बाई ती! कोणी म्हणालं, आता चादर गुंडाळून ठेवा, कोण बघायला येतंय?

मला काही ते पटेना. त्या रात्री मी त्यांचं जुनं पोलकं उसवून त्याचे तुकडे नमुन्याला घेतले. नव्या कापडाची खळ टोचते, म्हणून त्यांचीच धुवून मऊ झालेली साडी कापली. छातीला नेहमीपेक्षा चार इंच जास्त. पुढून सगळं उघडं आणि उजवी बाजू गळ्यापासून खांद्यावरून बाहीच्या टोकापर्यंत पूर्ण उघडी. हूक नाहीत, गाठी नाहीत, मोठी टिचबटणं. काखेत आणि पाठीला जाड शिवण येऊ दिली नाही, कारण दिवसभर त्यावरच निजायचं.

घालायची रीतही तेव्हाच शिकले, तीही सांगून ठेवते: घालताना आधी लुळा हात, मग चांगला; काढताना आधी चांगला, मग लुळा. एवढं पाळलं तरी माणसाचे निम्मे हाल वाचतात.

सकाळी ते पोलकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डाव्या हातानं मांडीवर पसरलं. हळूहळू उलटं केलं. मग बाजूच्या शिवणीवर आपली दोन बोटं आडवी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. दोन बोटं बरोबर भरली. बोलता येत नव्हतं, पण नऊ वर्षांपूर्वीचा तो मोरपंखी ब्लाउज दोघींनाही आठवला, हे मला त्यांच्या ओठांच्या एका बाजूवरून कळलं.

मी बाही चढवली, खांद्याची बटणं लावली. पुढची लावायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. डाव्या हाताच्या अंगठ्यानं छातीवर दाबून एकेक बटण, टिच, टिच, टिच करत पाचही स्वतः लावली. दहा मिनिटं लागली असतील. मग त्यांनी यांना आत बोलवायची खूण केली.

पुढे तीन वर्षं त्या होत्या. तशी सहा पोलकी मी शिवली. दोन बोटं माया मी ठेवली होती ती त्या बऱ्या होतील, अंग भरेल या आशेनं. तसं झालं नाही. उलट दोनदा बाजूच्या शिवणी आत घ्याव्या लागल्या आणि आतली माया दोन बोटांची चार बोटं झाली. ती मी कापून टाकली नाही.

त्यानंतर आळीतल्या कितीतरी घरांतून मला बोलावणं आलं. कोणाच्या आईला, कोणाच्या मोठ्या जावेला, कोणाच्या आजेसासूबाईंना तसं पोलकं हवं असायचं. शिंप्याकडे हे मिळत नाही असं नाही, पण आजारी माणसाला दुकानात नेऊन माप देता येत नाही आणि कुठे दुखतं ते घरच्या बाईलाच ठाऊक असतं. मी पैसे घेतले नाहीत. बदल्यात प्रत्येक घरातल्या एकीला तरी मशीनवर बसवलं.

तेव्हा सांगणं एवढंच. मशीनवरचे ते इस्त्रीचे कपडे आज कपाटात ठेवा. दोन थेंब तेल घाला. मुलांच्या वहीचा एक कागद मागून घ्या आणि बिनदोऱ्याची सुई एका रेघेवरून चालवून बघा. पहिली पिशवी वाकडी होईल. होऊ दे, नारळ त्यातही मावतात! आणि कापायच्या आधी एकदा बोटं ठेवून बघाल ना? दोन बोटं. बरं का.